लेओपोल्ड दलिल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्रान्सच्या मध्ययुगीन इतिहासाचे अभ्यासक लेओपोल्ड दलिल यांच्याविषयी वाचकांकडून सतत येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असल्यास त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. लेओपोल्ड दलिल कोण होते? थोडक्यात सांगाल का?

दलिल यांचा जन्म २४ ऑक्टोबर १८२६ रोजी नॉर्मंडीतील व्हालोन्य या गावी झाला आणि २२ जुलै १९१० रोजी शांतीयी येथे त्यांचे निधन झाले. १८५२ मध्ये ते पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या हस्तलिखित विभागात रुजू झाले, १८७४ मध्ये ग्रंथालयाचे मुख्य प्रशासक झाले आणि १९०५ पर्यंत त्या पदावर राहिले. राजांच्या सनदा, मठांचे ग्रंथसंग्रह, शेतकऱ्यांची स्थिती, चित्रित हस्तलिखिते अशा अनेक विषयांवर त्यांनी लिहिले. १९०२ मध्ये त्यांच्या लेखनाची स्वतंत्र सूची छापावी लागली आणि तिच्यातील नोंदी एकोणीसशेच्या घरात गेल्या. त्यानंतरही ते आठ वर्षे लिहीतच होते.

२. आडनावाचा उच्चार काय? आणि नकाशे काढणारे दलिल ते हेच का?

फ्रेंच लेखनात आडनावाच्या मध्ये ‘स’ असला तरी तो उच्चारला जात नाही, म्हणून येथे ‘दलिल’ असे लिहिले आहे. नकाशाकार गियोम दलिल (१६७५–१७२६) आणि त्यांचे बंधू खगोलशास्त्रज्ञ जोझेफ-निकोला दलिल हे वेगळे. आडनाव एक असल्यामुळे ग्रंथालयांच्या शोधयंत्रांत तिघांची पुस्तके एकत्र येतात, तेव्हा जन्मसाल पाहून घेणे बरे.

३. त्यांना कोणी ग्रंथपाल म्हणतात, कोणी अभिलेखपाल, कोणी इतिहासकार. नेमके काय म्हणावे?

शिक्षणाने ते ‘अभिलेखपाल-पुरालिपितज्ज्ञ’ होते, कारण ज्या संस्थेत ते शिकले तिच्या पदवीचे नावच ते आहे (प्रश्न ४ पाहा). नोकरी मात्र त्यांनी सरकारी दफ्तरखान्यात केली नाही, ग्रंथालयात केली. तथापि हा भेद त्यांच्या बाबतीत फार ताणण्यात अर्थ नाही. फ्रेंच राज्यक्रांतीत मठ आणि धर्मपीठे बंद पडली, तेव्हा त्यांची कागदपत्रे काही दफ्तरखान्यांत गेली आणि काही ग्रंथालयांत, आणि ही विभागणी सगळीकडे एका नियमाने झाली नाही. त्यामुळे पॅरिसच्या हस्तलिखित विभागात धर्मग्रंथांच्या शेजारी जमिनीच्या सनदा, हिशेब आणि सनदांच्या नकलांच्या वह्याही आहेत. अशा संग्रहाचा प्रमुख दफ्तरदाराच्या नजरेचा असावा लागतो आणि दलिल तसे होते.

४. जुनी अक्षरे वाचायला ते कोठे शिकले?

पहिले धडे गावातच मिळाले. व्हालोन्यमध्ये शार्ल द झेर्व्हील नावाचे वृद्ध पुराणवस्तुप्रेमी राहत. त्यांनी या मुलाला आपल्या संग्रहातील जुन्या कागदांच्या नकला करायला बसवले आणि नकला करता करता त्याला लिपी अवगत झाली. पुढे १८४६ मध्ये दलिल पॅरिसच्या ‘एकोल दे शार्त’ या संस्थेत दाखल झाले. १८२१ मध्ये स्थापन झालेली ही संस्था जुनी कागदपत्रे वाचणे, त्यांचा खरेखोटेपणा ठरवणे आणि त्यांची व्यवस्था लावणे यांचे शिक्षण देते. १८४६ मध्येच तिची पुनर्रचना होऊन पदवीसाठी प्रबंध सादर करणे सक्तीचे झाले. १८४९ मध्ये पहिले प्रबंध सादर झाले, त्यांत बाराव्या शतकातील नॉर्मंडीच्या सरकारी महसुलावरील दलिल यांचा प्रबंध होता.

५. त्यांचा पहिला मोठा ग्रंथ कोणता? तो आजही वाचतात का?

१८५१ मध्ये, वयाच्या पंचविशीच्या आत, त्यांनी मध्ययुगीन नॉर्मंडीतील शेतकरीवर्ग आणि शेती यांवर सविस्तर ग्रंथ प्रसिद्ध केला. राजे आणि लढाया हाच इतिहासाचा मुख्य विषय मानला जाण्याच्या काळात या तरुणाने खंड, वेठ, खत, नांगर, कुरणे, सफरचंदाची दारू यांच्या नोंदी मठांच्या दफ्तरांतून वेचून काढल्या. अकराव्या शतकाच्या अखेरीनंतर नॉर्मंडीत भूदासत्वाच्या खुणा जवळजवळ सापडत नाहीत, हा त्यांचा निष्कर्ष गाजला. तेराव्या शतकातला शेतकरी आपल्या काळातल्या एखाद्या लहान शेतावर आला तर त्याला फारसे नवल वाटणार नाही, असेही त्यांनी म्हटले होते. हे विधान पुढच्या अभ्यासकांनी बरेच तपासले आणि काही ठिकाणी खोडलेही, कारण सहाशे वर्षांत काहीच बदलले नाही असा त्याचा अर्थ सहज निघतो. पण त्यांनी गोळा केलेली माहिती टिकली. १९०५ मध्ये ग्रंथ पुन्हा छापला गेला तो एकही बदल न करता.

६. ग्रंथांच्या याद्या करणे याला इतिहासलेखन कसे म्हणायचे?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि काही वेळा त्यात थोडी नापसंतीही असते. त्याचे उत्तर प्रत्यक्ष उदाहरणाने देणे सोपे.

दलिल रुजू झाले तेव्हा पॅरिसच्या ग्रंथालयात हजारो लॅटिन हस्तलिखिते छापील यादीविना पडून होती. क्रांतीनंतर जप्त होऊन आलेले संग्रह तेथे होते, पण कोणता ग्रंथ कोठून आला हे कळायला नीट साधन नव्हते. १८६३ ते १८७१ या काळात दलिल यांनी ८८२३ ते १८६१३ या क्रमांकांच्या लॅटिन हस्तलिखितांची यादी प्रसिद्ध केली. या क्रमांकांमागे एक व्यवस्था आहे. ११५०४ ते १४२३१ म्हणजे सँ-झेर्मँ-दे-प्रे मठाचे ग्रंथ, १४२३२ ते १५१७५ सँ-व्हिक्तोर मठाचे, १५१७६ ते १६७१८ सोर्बोनचे, आणि त्यापुढचे नोत्र-दाम व इतर लहान संग्रहांचे. आजही एखाद्या लेखाच्या तळटीपेत ‘लॅटिन १५,५००’सारखा क्रमांक दिसला की जाणकाराला ग्रंथ उघडण्यापूर्वीच कळते की तो सोर्बोनच्या विद्यार्थ्यांनी आणि अध्यापकांनी हाताळलेला आहे.

यादीतील एकेक नोंद दोन-तीन ओळींचीच आहे. सविस्तर वर्णनाच्या नादात पिढ्या खर्ची घालण्यापेक्षा थोडक्यात पण सर्व ग्रंथ अभ्यासकापुढे आणावेत हा त्यांचा निर्णय होता आणि तो बरोबर होता असे माझे मत आहे. सविस्तर वर्णनाचे काम नंतर अनेकांनी हाती घेतले आणि ते अजून पुरे व्हायचे आहे.

ग्रंथ कोणाच्या हातून कोणाकडे गेला याचा माग त्यांनी ‘काबिने दे मान्युस्क्री’ या १८६८ ते १८८१ दरम्यान निघालेल्या बहुखंडी ग्रंथात काढला. राजा पाचवा शार्ल याने लूव्रच्या बुरुजात ठेवलेले ग्रंथ पुढे पॅरिसवर इंग्रजांचा ताबा असताना त्यांचा कारभारी असलेल्या बेडफर्डच्या ड्यूकने कसे घेतले आणि ते युरोपभर कसे पांगले, हे त्यांनी जुन्या याद्या ताडून दाखवले. त्या विषयावरचे त्यांचे स्वतंत्र दोन खंड १९०७ मध्ये, त्यांच्या एक्याऐंशीव्या वर्षी आले.

७. लिब्री प्रकरण काय होते?

गुलिएल्मो लिब्री (१८०३–१८६९) हा फ्लॉरेन्सचा गणिती फ्रान्समध्ये येऊन स्थिरावला, विज्ञान अकादमीचा सदस्य झाला आणि १८४१ मध्ये प्रांतोप्रांतीच्या सार्वजनिक ग्रंथालयांतील हस्तलिखितांची सूची करणाऱ्या सरकारी समितीचा सचिव झाला. या पदामुळे त्याला सर्व ग्रंथालयांची कपाटे उघडी झाली. कित्येक गावांत ग्रंथपालाकडे नीट यादीच नसे, त्यामुळे काय गेले हे कळण्याचा मार्गही नसे. १८४७ मध्ये त्याने सुमारे १,९०० हस्तलिखिते इंग्लंडमधील ॲशबर्नहॅमच्या अर्लला ८,००० पौंडांना विकली. १८४८ च्या क्रांतीत चौकशीचा सुगावा लागताच तो लंडनला पळाला आणि १८५० मध्ये त्याच्या गैरहजेरीत त्याला १० वर्षांची शिक्षा झाली.

प्रकरण इतके सरळ मात्र राहिले नाही. लिब्रीचे मित्र वजनदार होते. कादंबरीकार प्रोस्पेर मेरिमे यांनी त्याची बाजू इतक्या त्वेषाने मांडली की न्यायालयाच्या अवमानाबद्दल त्यांना १५ दिवस तुरुंगात काढावे लागले. इंग्लंडमध्येही लिब्रीला राजकीय सूडाचा बळी मानणारे लोक होते. हा वाद अखेर मिटवला तो दलिल यांनी, तीस-पस्तीस वर्षांनंतर, एकेक पान दाखवून (प्रश्न ८ पाहा).

८. चोरी झाली हे दलिल यांनी सिद्ध कसे केले?

लिओं शहराच्या ग्रंथालयात बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांचे अतिशय जुने लॅटिन भाषांतर असलेले एक हस्तलिखित आहे. त्यातून ‘लेवीय’ आणि ‘गणना’ या पुस्तकांची पाने नाहीशी झाली होती. इकडे ॲशबर्नहॅमच्या संग्रहात नेमकी याच दोन पुस्तकांची पाने एका स्वतंत्र ग्रंथाच्या रूपात होती आणि १८६८ मध्ये अर्लने त्यांचा मजकूर अभिमानाने छापूनही टाकला होता. १८७८ मध्ये दलिल यांनी दोन्ही ठिकाणचे अक्षर, स्तंभांची मांडणी आणि मजकूर जेथे तुटतो त्या जागा ताडून पाहिल्या आणि ही पाने एकाच ग्रंथाची असल्याचे दाखवून दिले. तोवर थोरला अर्ल वारला होता. त्याच्या मुलाने १८८० मध्ये ती पाने मोबदला न घेता लिओंला परत केली.

यानंतर दलिल यांनी हीच रीत साऱ्या संग्रहाला लावली. लिब्री चोरलेल्या ग्रंथांची बांधणी बदलत असे, पाने वेगळी करत असे, जुन्या मालकीच्या खुणा खरवडत असे आणि ग्रंथ इटलीतून आल्याचे भासावे म्हणून तिकडच्या मठांची नावे जुन्या वळणाच्या अक्षरात घालत असे. पण सतराव्या-अठराव्या शतकातील बेनेडिक्टाइन साधूंनी तूर, ओर्लेआं येथील ग्रंथ पाहून केलेली टिपणे शिल्लक होती. टिपणात एखाद्या ग्रंथाची वर्णिलेली वैशिष्ट्ये, तूरच्या कपाटातील रिकामी जागा आणि ॲशबर्नहॅममधील ‘इटालियन’ ग्रंथ यांचा मेळ बसला की चोरी उघड होई. १८८३ मध्ये त्यांनी हे सर्व पुरावे इतिहास आणि प्राचीन लेखांचा अभ्यास करणाऱ्या फ्रेंच अकादमीपुढे (आकादेमी देझ अँस्क्रिप्सियों) मांडले.

९. मग फ्रान्सने हे ग्रंथ विकत का घेतले? चोरीचा माल तर परत मागता आला असता.

अर्लने पैसे मोजून खरेदी केली होती आणि इंग्लंडच्या कायद्यापुढे तीस वर्षांनंतर दावा टिकण्याची आशा नव्हती. अर्लच्या वारसाला संपूर्ण संग्रह विकायचा होता आणि त्याची अपेक्षित किंमत फ्रान्सच्या ग्रंथालयाला पेलणारी नव्हती. लिब्री संग्रहाचा उरलेला मोठा भाग १८८४ मध्ये इटलीने घेतला आणि तो फ्लॉरेन्सला गेला. तेव्हा दलिल यांनी सारी शक्ती फ्रान्समधून चोरलेल्या ग्रंथांवर केंद्रित केली. यांत लिब्रीने विकलेल्या ग्रंथांबरोबर बारुआ नावाच्या दुसऱ्या संग्राहकाने १८४९ मध्ये अर्लला विकलेले ग्रंथही होते.

मार्ग निघाला तो स्ट्रासबुर्गचे पुस्तकविक्रेते कार्ल ट्र्यूब्नर यांच्या मध्यस्थीने. १८८८ मध्ये ट्र्यूब्नर यांनी अर्लकडून १६६ हस्तलिखिते घेऊन पॅरिसला दिली आणि त्या बदल्यात पॅरिसने त्यांना १,५०,००० फ्रँक आणि एक ग्रंथ दिला. तो ग्रंथ म्हणजे मध्ययुगीन जर्मन प्रेमकवितांचा प्रसिद्ध चित्रित ‘मानेसे’ संग्रह. १६५७ पासून तो पॅरिसच्या राजग्रंथालयात होता. जर्मनीने तो ट्र्यूब्नर यांच्याकडून घेऊन हायडेलबर्गला ठेवला आणि तो आजही तेथेच आहे.

१०. मानेसेसारखा ग्रंथ देऊन टाकणे ही चूक नव्हती का?

असे म्हणणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. १३७ पूर्णपृष्ठ चित्रे असलेला हा ग्रंथ युरोपातील सर्वांत देखण्या हस्तलिखितांपैकी आहे आणि जर्मनांकडून झालेल्या १८७१ च्या पराभवाला उणीपुरी सतरा वर्षे झालेली असताना तो जर्मनीच्या हाती देणे सोपे नव्हते. शिवाय ग्रंथालयाच्या संग्रहातील वस्तू एकदा देण्याची वाट पाडली की पुढचा प्रशासक कोणत्या कारणासाठी ती वापरेल, हा आक्षेप मला आजही खरा वाटतो.

तरीही दलिल यांची बाजू वजनदार होती. मानेसे जर्मन भाषेच्या अभ्यासकांना हवा होता आणि फ्रान्सच्या इतिहासाशी त्याचा संबंध थोडा होता. मिळालेले ग्रंथ मात्र तूर, ओर्लेआं, लिओं येथील शाळांचे आणि मठांचे, म्हणजे फ्रान्समधील लेखनकलेच्या इतिहासाचे मूळ पुरावे होते. तूरच्या नवव्या शतकातील लेखनशाळेवर दलिल यांनी १८८५ मध्ये लिहिलेला निबंध वाचला की या ग्रंथांचे मोल त्यांना का वाटत होते ते कळते.

एक गैरसमज येथेच दूर करावा. हे ग्रंथ मूळ गावी परत गेले नाहीत, ते पॅरिसमध्येच राहिले. तूरच्या लोकांना हे आवडले नसल्यास नवल नाही.

११. लिब्रीने चोरलेले सर्व काही परत मिळाले का?

नाही. सुटी पत्रे आणि पाने जगभर पांगली. तत्त्वज्ञ देकार्त यांनी १६४१ मध्ये आपले विद्वान मित्र मेर्सेन यांना लिहिलेले आणि लिब्रीने चोरलेले एक पत्र अमेरिकेतील हॅव्हरफर्ड महाविद्यालयाच्या संग्रहात सापडले आणि २०१० मध्ये त्या महाविद्यालयाने ते पॅरिसला परत केले.

१२. ‘त्रे रिश एर’ या चित्रित ग्रंथाशी त्यांचा काय संबंध?

बारा महिन्यांची चित्रे असलेला हा प्रार्थनाग्रंथ अनेकांनी दिनदर्शिकांवर पाहिला असेल. शांतीयीच्या वाड्याचा मालक असलेल्या ओमालच्या ड्यूकने तो १८५६ मध्ये इटलीत विकत घेतला, पण तो कोणी काढला याचा कागदोपत्री पुरावा नव्हता. बेरीचा ड्यूक १४१६ मध्ये वारल्यावर त्याच्या मालमत्तेची जी यादी झाली, तिच्यात एक नोंद आहे: पेटीत ठेवलेल्या, ‘अतिशय श्रीमंत’ प्रार्थनापुस्तकाच्या काही सुट्या घड्या, पोल (लिंबूर्ग) आणि त्याचे भाऊ यांनी केलेल्या व चितारलेल्या. १८८४ मध्ये दलिल यांनी ही नोंद आणि शांतीयीचा ग्रंथ यांची सांगड घातली. ग्रंथ अपुरा होता आणि नोंदीतल्या घड्याही बांधलेल्या नव्हत्या, ही जुळणी महत्त्वाची ठरली. लिंबूर्ग बंधूंचे नाव या चित्रांना जोडले गेले ते तेव्हापासून, आणि ग्रंथाचे आजचे नावही त्याच नोंदीतून आले आहे.

१३. तारीख नसलेल्या सनदांचा काळ त्यांनी कसा ठरवला?

इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री (राज्यकाळ ११५४–११८९) नॉर्मंडीचाही ड्यूक होता आणि त्याच्या सनदांवर साल नसते. शेकडो सनदा समोर ठेवल्यावर दलिल यांच्या लक्षात आले की काहींमध्ये राजाच्या नावापुढे ‘ईश्वरकृपेने’ या अर्थाचे ‘देई ग्रातिया’ हे शब्द आहेत आणि काहींमध्ये नाहीत. साक्षीदारांच्या हयातीवरून काळ ठरणाऱ्या सनदा वेगळ्या काढल्यावर दिसले की ११७२–७३ च्या सुमारास राजाच्या लेखनिकांनी हे शब्द घालायला सुरुवात केली. म्हणजे एवढ्या दोन शब्दांवरून सनद राज्यकाळाच्या कोणत्या भागातली ते सांगता येते. १९०६ मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, त्यांनी हा शोध मांडला. इंग्लंडमधील काही अभ्यासकांनी तो आधी मानला नाही, पण शोध टिकला.

अपवाद लक्षात ठेवावा: हा नियम मूळ सनदेलाच निर्धास्तपणे लागू पडतो. नंतरच्या शतकांत नक्कल करणारे लेखनिक आपल्या सवयीने ते शब्द घालत किंवा गाळत, म्हणून केवळ नकलेवरून काळ ठरवू नये.

१४. ‘मृतांच्या गुंडाळ्या’ हा काय प्रकार आहे?

मठाधिपती वारला की त्याच्या निधनाची वार्ता चर्मपत्राच्या लांब पट्ट्यावर लिहून एक जासूद ती मठामठांतून नेई. प्रत्येक मठ आपली पोच, प्रार्थनेचे आश्वासन आणि कधी चार ओळींची कविता खाली लिही. जागा संपली की पुढचे चर्मपत्र शिवत. १८६६ मध्ये दलिल यांनी नवव्या ते पंधराव्या शतकांतील अशा गुंडाळ्यांचा संग्रह छापला. साव्हिन्यीचा मठाधिपती व्हिताल ११२२ मध्ये वारला, त्याच्या गुंडाळीची छायाप्रत त्यांनी १९०९ मध्ये काढली. तिच्यात फ्रान्स आणि इंग्लंडमधील २०७ हातांची अक्षरे आहेत. एकाच वर्षा-दीड वर्षातली, ठिकाण ठाऊक असलेली एवढी अक्षरे अन्यत्र क्वचितच मिळतात, त्यामुळे लिपीच्या अभ्यासकाला ती मापपट्टीसारखी वापरता येते. आर्झांतईच्या मठातील ओळी तेथील विदुषी साध्वी एलोईज हिच्या असाव्यात असा तर्कही काहींनी केला आहे.

१५. सामान्य माणसांच्या इतिहासाला त्यांचा उपयोग होतो का?

होतो. शेतीवरील ग्रंथ तर आहेच (प्रश्न ५ पाहा). फ्रान्सचा राजा नववा लुई याने १२४७ मध्ये, धर्मयुद्धाला निघण्यापूर्वी, आपल्याच अधिकाऱ्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकायला चौकशी अधिकारी पाठवले होते. कोणाची गाय ओढून नेली, कोणाकडून अन्यायाने दंड घेतला, अशा त्या तक्रारी दलिल यांनी १९०४ मध्ये संपादित करून छापल्या. टेंपलर या धर्मयुद्धांतील योद्धा-साधूंच्या पंथाने पॅरिसमध्ये राजाची पेढी कशी चालवली, यावर त्यांचा १८८९ चा निबंधही अवश्य वाचावा.

१६. त्यांचा भारताशी काही संबंध होता, असे ऐकले. खरे आहे का?

संबंध घरातला होता. १८५७ मध्ये त्यांनी लोर ब्युर्नूफ यांच्याशी विवाह केला. लोर या युजेन ब्युर्नूफ (१८०१–१८५२) यांच्या कन्या. भागवत पुराणाचे आणि ‘सद्धर्मपुंडरीक’ या बौद्ध सूत्राचे फ्रेंच भाषांतर करणारे, पाली आणि अवेस्ता या भाषांच्या युरोपीय अभ्यासाचा पाया घालणारे, मॅक्स म्युलर यांचे गुरू ते हेच ब्युर्नूफ. वडिलांच्या निवडक पत्रांचा संग्रह लोर यांनी १८९१ मध्ये प्रसिद्ध केला. त्या स्वतः बहुभाषी होत्या आणि पतीच्या कामात त्यांचा हातभार असे. दलिल यांनी स्वतः भारतविद्येवर संशोधन केले मात्र नाही, त्यामुळे त्यांना ‘भारतविद्यातज्ज्ञ’ म्हणणे चूक आहे.

१७. निवृत्ती सन्मानाने झाली का?

१९०३ मध्ये ग्रंथालयातील त्यांच्या सेवेच्या पन्नास वर्षांचा सोहळा थाटात झाला. बेरीच्या ड्यूकच्या आणखी एका ग्रंथाची तूरिन येथील पाने त्यांच्या गौरवार्थ १९०२ मध्ये छायाप्रतीत छापली गेली होती. १९०४ च्या जानेवारीत तूरिनचे ग्रंथालय जळाले, मूळ पाने नष्ट झाली, आणि गौरवग्रंथ म्हणून काढलेली ती छपाई हाच मोठा पुरावा उरला.

१९०५ च्या फेब्रुवारीत सरकारने त्यांना निवृत्त केले. ही निवृत्ती त्यांनी मागितलेली नव्हती. त्याच वर्षी लोर वारल्या. ओमालच्या ड्यूकने शांतीयीचा वाडा आणि ग्रंथसंग्रह इन्स्तित्यूत द फ्रान्स या फ्रेंच अकादमींच्या एकत्रित संस्थेला दिला होता. दलिल त्याचे एक संरक्षक होते आणि अखेरची वर्षे त्यांनी तेथील जुन्या छापील ग्रंथांच्या सूचीत आणि हेन्रीच्या सनदांत घालवली. सनदांचे काम त्यांच्या मागे एली बेर्झे यांनी पुरे केले.

१८. छापील पुस्तकांची मोठी सूचीही त्यांचीच ना?

सुरुवात त्यांची. पॅरिसच्या ग्रंथालयातील छापील पुस्तकांच्या लेखकवार सूचीचा पहिला खंड १८९७ मध्ये त्यांच्या प्रस्तावनेसह निघाला. शेवटचा, म्हणजे २३१ वा खंड निघायला १९८१ साल उजाडले.

१९. फ्रेंच थोडे येते. वाचायला कोठून सुरुवात करावी?

शेतकऱ्यांवरील ग्रंथापासून करावी. त्याची भाषा सरळ आहे आणि विषय ओळखीचा आहे. ‘काबिने दे मान्युस्क्री’ सलग वाचण्याचा ग्रंथ नव्हे, हवे ते प्रकरण काढून वाचावे. लिब्री प्रकरणासाठी १८८८ च्या सूचीची प्रस्तावना पुरेशी आहे आणि ती एखाद्या तपासकथेइतकी वेगाने सरते. त्यांची बहुतेक पुस्तके राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘गालिका’ या संकेतस्थळावर विनामूल्य आहेत. शोधताना लेखकाचे पूर्ण नाव घालावे, नाहीतर प्रश्न २ मधील नकाशाकार आधी भेटतील.